पुरुषोत्तमनगरची पपई

बाजारात पपई घेताना तुम्ही काय बघता? मी दोनच गोष्टी बघायची. पिवळा पट्टा आला आहे का, आणि देठाशी फार मऊ तर पडली नाही ना. सालीवर गोल गोल वळ्या दिसल्या की ती पपई मी बाजूला सारायची. ‘ही कसली रोगट आणलीस गं?’ असं भाजीवालीला ऐकवायचीसुद्धा! त्या वळ्यांची हकिगत मला कळली ती गेल्या भाद्रपदात, आमच्या वन्संच्या घरी.

वन्संचं सासर शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला. जिल्हा नंदुरबार, १९९८ पर्यंत हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. शहाद्याला रेल्वे नाही. जळगावकडून जायचं तर दोंडाईचाला उतरावं आणि एस.टी.नं सारंगखेड्याच्या पुलावरून तापी ओलांडावी. दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो ते हेच सारंगखेडं बरं का! पलीकडे गेलं की उत्तरेला सातपुड्याची निळी रांग आणि रस्त्याच्या कडेला ऊस, केळी, पपई. पुरुषोत्तमनगर म्हणजे सातपुडा तापी परिसर साखर कारखान्याचं गाव, तेव्हा मला वाटलं, वन्संकडे ऊसच असेल. तर त्यांच्याकडे दोन एकर पपई!

खानदेश म्हटला की आपल्याला कडक ऊन आठवतं. पण श्रावण-भाद्रपदात काळ्या जमिनीत पाऊस मुरला आणि आभाळ आठ-आठ दिवस उघडलं नाही की तिथली हवाही अशी कोंदते की विचारू नका. वाळत घातलेली पातळं दोन दिवस ओली. आपली पातळं तरी वळतात, पपईचं काय? तिचं खोड म्हणजे नुसता पाण्यानं भरलेला पोकळ गर. बुंध्याशी एक-दोन दिवस पाणी साचलं तर मूळ सडतं आणि फळांनी लगडलेलं झाड उभ्या उभ्या आडवं होतं.

मी पोचले तेव्हा वन्सं चिखलात उभ्या, हातात फावडं. सरींच्या तोंडाशी चर काढून पाणी वाट करून देत होत्या. ‘वहिनी, चहा तुम्हीच टाका, मला हात धुवायलासुद्धा सवड नाही,’ म्हणाल्या. लागवड उंच गादीवाफ्यावर केली होती म्हणून निम्मं संकट टळलं होतं. उरलेल्यासाठी बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, तेही प्लॅस्टिकच्या पिंपात, लोखंडाच्या भांड्यात मुळीच नाही. मग एकत्र करून त्यात विळीचं पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला समजा. हे झाडांच्या बुंध्याशी ओतायचं. आपण पाकाची तार बघतो ना, तशी वन्सं ती विळी निरखत होत्या.

पण खरी चिंता वेगळीच होती. संध्याकाळी त्या मला बागेच्या पश्चिम कडेला घेऊन गेल्या. तिथल्या झाडांचे शेंडे पिवळट, पानं अरुंद होऊन दोरीसारखी वळलेली, देठांवर तेलाचे शिंतोडे उडाल्यासारखे डाग, आणि हिरव्या फळांवर त्याच त्या वळ्या! हा विषाणूरोग. मावा नावाची बारीक कीड शेजारच्या शेतातून उडत येते, आजारी झाडाला सोंड लावते, पुढच्या झाडाला लावते, की झालं. एवढं व्हायला काही मिनिटं पुरतात. म्हणून फवारणीचाही फारसा उपयोग होत नाही. कीड मरेस्तोवर तिचं काम उरकलेलं असतं. आणि एकदा लागण झाली की औषधच नाही. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर १९९२ मध्ये याच रोगानं पुना भागातल्या बागा बसवल्या. तिथल्या शास्त्रज्ञांनी रोगाला दाद न देणारं वाण तयार केलं, ते १९९८ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आलं. आपल्याकडे मात्र अजून चलती आहे ती तैवान ७८६ ची. फळ गोड, टिकाऊ, दिल्लीपर्यंत ट्रकनं जाणारं. पण या रोगापुढे हतबल.

मग उपाय? आजारी झाड दिसताक्षणी उपटून बागेबाहेर न्यायचं. सांगायला किती सोपं! आठ बाय सहा फुटांवर एकरी नऊशे झाडं; त्यातल्या कडेच्या शंभरावर वन्संनी जुन्या पातळाच्या चिंध्या बांधल्या होत्या. प्रत्येक झाडाला फळं होती. यजमानांचं म्हणणं, ‘धरलेली फळं आहेत, कमी भावानं का होईना, जातील.’ वन्सं म्हणायच्या, ‘आणि उरलेल्या सतराशे झाडांचं काय?’ रात्री जेवताना शेवभाजी ताटात निवून गेली, तरी दोघांचा वाद मिटेना. सोसायटीचं कर्ज होतं, लेकीची फार्मसीची फी दिवाळीनंतर भरायची होती. आबा, म्हणजे वन्संचे सासरे, एवढंच म्हणाले, ‘सूनबाईनं लावली ती झाडं, तिला विचारा.’ घरात त्यांनी असं म्हणावं हे मला नवलाचंच वाटलं, खोटं कशाला बोलू!

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडं उपटली. वन्सं स्वतः पुढे होत्या. एकशे बारा झाडं, मी मोजली. कडेनं मक्याच्या दाट ओळी लावायचं ठरलं, म्हणजे मावा आधी त्यावर बसेल. शेजारच्या बांधावरचे काकडी-भोपळ्याचे वेलही काढायला सांगितले, कारण माव्याला ते आवडतात. पण शेजाऱ्याच्या मंडळींनी तोंड फिरवलं. वेल अजून असतील तिथेच.

मी विचारलं, ही वळ्यांची पपई खाल्ली तर बाधते का? छे! झाडाचा रोग माणसाला लागत नाही. गोडी मात्र थोडी कमी असते.

उपटलेल्या झाडांच्या कच्च्या पपया टोपल्या भरून घरी आल्या. अहो, कोशिंबीर, भाजी, पराठे करून करून किती करणार? शेवटी टुटीफ्रुटी केली. तुम्हीही करून बघा. सोलण्यापूर्वी हाताला तेल लावा, नाहीतर चिकानं खाज सुटते. बारीक चौकोनी फोडी पारदर्शक होईपर्यंत उकडा, निथळा, एकतारी पाकात रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पाक आटवून रंग घाला आणि फोडी ताटात सुकवा. दिवस गेलेल्या बाईला मात्र कच्ची पपई देऊ नये.

मार्गशीर्षात वन्संचा फोन आला. पाऊस थांबल्यावर आणखी साठ झाडं गेली, बाकीची उभी आहेत. लेकीची फी अर्धी भरली, अर्धी संक्रांतीपर्यंत. आणि वर म्हणाल्या, ‘वहिनी, जुनी सुती पातळं असतील तर पाठवा. पानं झडलेल्या झाडांची फळं उन्हानं भाजतात, त्यांना गुंडाळायला हवीत.’

मी सहा पाठवली. दोन जरा बरी होती, पण असू दे.