मोटारीखालची शय्या

निजण्याच्या साधनांविषयी आपली मराठी भाषा कमालीची उदार आहे. पलंग, बाज, खाट, माचा, दिवाण, चटई, सतरंजी, घोंगडी, आणि अगदीच काही नसेल तर दंडाची उशी व भुईचा बिछाना. तिची यादी संपता संपत नाही. परंतु मोटारीखाली शिरून काम करणाऱ्याच्या पाठीखाली जी चाकांची फळी असते, तिला या उदार भाषेने नाव दिलेले नाही. कोणी तिला 'क्रीपर' म्हणतात, कोणी 'ट्रॉली' म्हणतात. आणि पुष्कळ कारागिरांजवळ ती नसतेच. गोणपाट किंवा खोक्याचा पुठ्ठा हीच त्यांची शय्या. ज्या कामाला पांढरपेशांचा हात कधी लागला नाही, त्या कामाच्या हत्यारांना त्यांच्या बोलीत नावे नसावीत, यात नवल नाही.

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी अशी एक फळी विकत घेण्याचे आम्ही ठरविले, तेव्हा बडोद्यातील आमच्या स्नेहमंडळात बराच विनोद झाला. निवृत्त सरकारी अधिकाऱ्याने ज्ञानेश्वरीचे पारायण करावे, फार तर गुलाबाची कलमे बांधावीत. मोटारीखाली निजण्याचे डोहाळे त्यास का लागावेत? परंतु आमचा नाइलाज होता. तीर्थरूपांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी अजून आमच्या अंगणात उभी आहे आणि चालतेही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली ही गाडी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या काळ्या-पिवळ्या ताफ्यातूनही तिच्या बहिणी निवृत्त झाल्या. आमच्या गाडीची नाडी ज्यांना कळे, त्या मिस्त्रींनी पाठीच्या दुखण्यामुळे गॅरेज बंद केले. नव्या पिढीची मुले हुशार आहेत, पण ती आधी संगणकाची वायर जोडण्यासाठी जागा शोधतात, आणि आमच्या गाडीत ती जागाच नाही.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. त्यापूर्वी खालचा पत्रा कोठे गंजला आहे, सायलेन्सरच्या पट्ट्या शाबूत आहेत की नाहीत, मागच्या पाट्यांचे बोल्ट सैल झाले आहेत काय, डिफरन्शियलमधून तेल पाझरते काय, हे सारे पाहावे लागते. आणि हे सारे खालूनच दिसते.

सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे खरेदी म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे तुलनात्मक तक्ता उभा राहतो. आम्ही कागदावर तीन रकाने आखले. पहिला रकाना लाकडी फळीचा. ही कोणताही सुतार करून देईल. चार लहान चाके बसविली की झाले. स्वस्त आणि मजबूत, परंतु लाकूड तेल पिते, कालांतराने त्याचे तुसे निघतात, आणि चाके फळीच्या खाली असल्यामुळे तिची उंची वाढते. दुसरा रकाना लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर रेक्झिनची गादी बसविलेल्या प्रकाराचा. पाठीला हा सर्वांत सुखाचा. काहींना उशीची बाजू वर करण्याची सोय असते, काही घडी घालून बैठकही होतात. परंतु उंची येथेही आडवी येते. तिसरा रकाना एकसंध प्लॅस्टिकच्या साच्यातून काढलेल्या फळीचा. हिची चाके कडेच्या खोबणींत बसविलेली असतात, त्यामुळे मधला भाग जमिनीला जवळजवळ टेकलेला राहतो. तेल सांडले तर पुसून काढता येते. गादी मात्र नाही किंवा नावापुरती.

या तक्त्यात आम्ही किमतीचा रकाना सर्वांत शेवटी ठेवला. नोकरीत असे केले असते तर लेखापरीक्षकांचा आक्षेप आला असता. पण येथे जी गोष्ट आधी मोजावयाची ती किंमत नव्हे, उंची होय. हा हिशेब ज्याचा त्याने स्वतःच्या देहावर करावयाचा आहे. आमची गाडी स्टँडवर चढविली असता जमिनीपासून तळाच्या पत्र्यापर्यंत सोळा इंच अंतर मिळते. आम्ही जमिनीवर उताणे पडलो आणि सौभाग्यवतींनी भिंतीशी काटकोन धरून माप घेतले, तेव्हा आमच्या देहाची जाडी दहा इंच भरली. (यात निवृत्तीवेतनाचे व्याज धरलेले आहे.) उरले सहा इंच. फळीची उंची चार इंच असेल तर हातातला पाना फिरविण्यास दोनच इंच राहतात, आणि दोन इंचांत पाना फिरत नाही, बोटे मात्र सोलली जातात. दोन इंचांची फळी घेतली तर चार इंच राहतात आणि काम होते. गादीच्या सुखाचा प्रत्येक इंच छातीवरच्या मोकळ्या हवेतून वजा होतो, हे आम्हांस या मापामुळे कळले.

दुसरा प्रश्न चाकांचा. कारखान्याच्या गुळगुळीत सिमेंटवर लहान चाके सुरेख पळतात. आमच्या अंगणात कोटा फरशी आहे, तिचे सांधे जुने, आणि पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून दिलेला उतारही आहे. लहान व कठीण चाक प्रत्येक सांध्यात अडते. बारीकसा खडा आला तरी फळी जागच्या जागी थांबते आणि आतले माणूस पुढे सरकते. म्हणून चाके शक्य तितकी मोठी व रुंद, आणि त्यांची संख्या चाराऐवजी सहा असावी, असा शेरा आम्ही मारला. उतारावर फळी आपोआप सरकू नये, यासाठी पायाशी एक पोते टाकून ठेवावे लागते. आणि जेथे फरशी अगदीच खडबडीत असेल, तेथे चाकांचा मोह सोडून जाड चटई अंथरणे हेच शहाणपणाचे. पंचा किंवा सैल सदरा घालून या फळीवर निजू नये. चाकाला वस्त्र गिळण्याची सवय असते.

आता सर्वांत महत्त्वाचे. पाठीखालची फळी निवडण्यापूर्वी छातीवरचे ओझे कशावर उभे आहे ते पाहावे. आमची गाडी सुमारे नऊशे किलोंची आहे. पाटबंधारे खात्यात असताना पंचमहालच्या दौऱ्यांवर आमच्या जीपचे एक वृद्ध चालक होते. खाकी पोत्यावर निजून ते रस्त्याच्या कडेला अर्धी जीप उलगडून ठेवीत, पण चाक काढून तळाशी ठेवल्याशिवाय आणि दोन दगड लावल्याशिवाय कधी आत शिरत नसत. आम्ही घाई केली की ते शांतपणे म्हणत, "साहेब, जॅक चडावे, राखे नहीं." जॅक चढवितो, राखीत नाही. यांत्रिकीच्या पुस्तकातील एक पूर्ण प्रकरण या चार शब्दांत आले. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जॅकचे रबरी कडे झिजले की तो हळूहळू बसतो, किंवा एकदम बसतो. गाडी उभी राहावी ती पोलादी स्टँडच्या जोडीवर, आणि तीही पत्र्यावर नव्हे, तर सांगाड्याच्या किंवा ॲक्सलच्या मजबूत जागी. विटांवर तर मुळीच नव्हे. वीट तडकते तेव्हा पूर्वसूचना देत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आमच्या गाडीचा हँडब्रेक, बहुतेक गाड्यांप्रमाणे, मागच्याच चाकांना लागतो. मागची बाजू उचलली की तो असून नसल्यासारखा. गाडी गिअरमध्ये ठेवली म्हणजे झाले, असेही नाही. मागचे एक चाक अधांतरी असले की डिफरन्शियलमुळे ते उलटे फिरू शकते आणि जमिनीवरच्या चाकाला मोकळीक मिळते. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी हव्यातच. त्यानंतर गाडीला बाहेरूनच हाताने चांगले हलवून पाहावे. हलली तर आत जाऊ नये. इंजिन नुकतेच बंद केले असेल तर सायलेन्सर निवेपर्यंत चहा घ्यावा. पेट्रोलची नळी जवळ असते, म्हणून उजेडासाठी जुना काचेचा बल्ब न नेता एलईडीचा दिवा न्यावा.

हे सारे लिहिताना एक विचार मनातून जात नाही. आपले पूर्वज गायकवाडी अमलात येथे आले, ते बहुतांशी तलवार किंवा लेखणी घेऊन. तलवार गेली, लेखणी राहिली. ही लेखणी पुरेशी नाही, हे ज्या पुरुषाने ओळखले ते महाराज सयाजीराव. त्यांनी १८९० साली कलाभवन स्थापिले, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जरांकडे त्याची धुरा दिली आणि हातांच्या विद्येला विद्यालयाचा मान दिला. दादासाहेब फाळके तेथेच शिकले. आजचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच इमारतीच्या सावलीत वाढले. आमच्यासारख्यांची घरे त्या इमारतीवरून रोज जा-ये करीत राहिली आणि मुलांना कारकुनीच्या परीक्षांना बसवीत राहिली. परंपरेने ज्याला हलके काम म्हटले ते किती जड आहे, हे कळण्यासाठी एकदा त्याखाली निजावे लागते. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात आमची मान भरून आली, डोळ्यांत मातीचे कण पडले, हात वर धरून धरून बधिर झाले. आमचे मिस्त्री चाळीस वर्षे पुठ्ठ्यावर निजून हे करीत होते. त्यांची पाठ का गेली, हे विचारण्याची आता गरज उरली नाही.

शेवटी आम्ही तिसऱ्या रकान्यातील, सहा चाकांची फळी घेतली. सौभाग्यवतींनी त्यास दोन अटींवर मंजुरी दिली. घरात दुसरे माणूस असल्याशिवाय आत जावयाचे नाही. आणि स्टँड व पाचरी त्यांनी स्वतः पाहिल्याशिवाय जावयाचे नाही. त्या वेताची खुर्ची घेऊन जवळ बसतात, मासिक चाळतात आणि मधूनमधून आमचे नाव घेतात. आम्ही आतून हुंकार देतो. बाहेर येताना एकदम उठावयाचे नाही, कुशीवर वळून क्षणभर थांबावयाचे, ही तिसरी अट डॉक्टरांची. या वयात आत जाणे सोपे, उठणे कठीण. ज्या दिवशी या तीन अटींपैकी एक पाळता येणार नाही, त्या दिवशी गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी, असे आम्ही मुलाला लेखी कळविले आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज आहे. तेथील मुलगा एकदा ही फळी पाहावयास आला, तिच्यावर निजला, हसला आणि एका दमात अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेला. तुमच्याकडे का नाही, असे विचारले तर म्हणाला, "पुठ्ठा फुकट मिळतो." वाचकांस एवढीच विनंती, की पुढच्या खेपेस आपली गाडी दुरुस्तीस द्याल, तेव्हा बिलाचा आकडा पाहण्यापूर्वी जरा खाली वाकून पाहा. गाडी कशावर उभी आहे आणि मुलगा कशावर निजला आहे, हे दोन्ही पाहा. स्टँड नसतील तर ते लावीपर्यंत आम्ही थांबतो, असे सांगा. आपल्या घाईपायी कोणी आत शिरू नये.