सरवा वेचणारी रूथ

दसरा-दिवाळी आटोपली की माजलगाव तालुक्यातल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. वाहनात आधी पीठ-मीठ, भांडीकुंडी, जमलं तर एखादी शेळी, मग माणसं. गावात म्हातारी तेवढी उरतात. मुकादमाची उचल फिटेस्तोवर सुटका नाही. हे बघत वाढलेल्याला बायबलातली रूथ परकी वाटत नाही.

बेथलेहेमात दुष्काळ पडतो, एक कुटुंब पोटासाठी मवाब देशात जातं. तिथे त्या घरातल्या नामीचा नवरा वारतो, दोन्ही मुलगे वारतात. रिकाम्या हातांनी ती माघारी निघते, तर मवाबी सून रूथ तिची पाठ सोडत नाही. सातूची कापणी चाललेली असते. रूथ कापणाऱ्यांच्या मागून सरवा, म्हणजे शेतात मागे राहिलेली कणसं, वेचते.

एवढंच वाचलं तर ही सासू-सुनेच्या मायेची गोष्ट. पण पुस्तक संपतं वंशावळीवर: रूथचा ओबेद, ओबेदाचा इशाय, इशायाचा दावीद. पुढे मत्तय येशूची वंशावळ सांगतो, तीतही रूथचं नाव आहे. गहाण पडल्यागत झालेलं तिचं आयुष्य तिच्याशी लग्न करून सोडवणारा शेतमालक बवाज मग ख्रिस्ती वाचकाला येशूची चाहूल वाटतो.

अशी मोठ्या कथेत बसलेली लहान गोष्ट आपल्याला नवी नाही. नळ-दमयंतीचं आख्यान जुगारात सर्वस्व हरलेल्या युधिष्ठिराला वनवासात सांगितलं जातं, म्हणून ते धीर देतं. 1616 साली गोव्यात छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स यांनीही सुटे प्रसंग निवडले नाहीत. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र, असा सगळा पट त्यांनी मराठी ओवीत मांडला. आदामाचं पतन ऐकल्याशिवाय क्रूस कशासाठी, हे श्रोत्याला कळायचं नाही.

मात्र मोठ्या कथेच्या घाईत लहान गोष्ट तुडवली जाऊ नये. रूथला दावीद ठाऊक नव्हता. संध्याकाळची चूल ठाऊक होती. दुपारी शेतात मिळालेल्या हुरड्यातला उरलेला वाटा ती सासूसाठी राखून नेते. आणि तिला शेतात शिरता आलं, ते मोशेच्या नियमशास्त्रामुळे: शेताचे कोपरे कापू नका, सरवा गोळा करू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या.

तो नियम कुणी पाळलाच नसता, तर ही वंशावळ तिथेच खुंटली असती. म्हणून तारणाच्या कथेवर विश्वास ठेवणाऱ्याने उसाच्या फडातल्या बाईच्या मजुरीचा हिशेबही तितक्याच श्रद्धेने वाचावा. तोही त्याच कथेतला अध्याय आहे.