रत्नागिरीचं आकाश, मरमूलमधून

ओमानच्या दक्षिणेला मरमूल नावाचं तेलक्षेत्र आहे. सलालाहून निघून धोफारचे डोंगर ओलांडले की हिरवं संपतं आणि सपाट, गोट्यागोट्यांचं वाळवंट सुरू होतं. इथलं तेल इतकं घट्ट, की 1950च्या दशकात सापडूनही ते प्रत्यक्ष काढायला 1980 साल उजाडावं लागलं. मी इथे एका कंत्राटदार कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. वयाची पन्नाशी ओलांडली. रत्नागिरीत आयटीआय केलं, थोडी वर्षं तिथेच नोकरी केली आणि मग आमच्याकडच्या कितीतरी घरांतले पुरुष गेले तसा मीही आखातात आलो. काही महिने काम, मग सुट्टीत घर, पुन्हा काम, असं चाललं आहे.

दिवस पहाटेच सुरू होतो. मेसमध्ये चहा-नाश्ता, सुरक्षेची बैठक, मग पंपांवरचे दाब मोजणारे गेज, व्हॉल्व्ह, ट्रान्समीटर तपासत फिरायचं. बारीक धूळ कुठेही शिरते, म्हणून साफसफाई हा कामाचा मोठा भाग. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला ओमानच्या कायद्याने बंदी आहे. या कायद्याची किंमत ज्याने दुपारी एक वाजता लोखंडी पाइपाला हात लावलाय त्याला विचारावी. संध्याकाळी पोर्टाकॅबिनमध्ये परतलो, अंघोळ केली, की जेवणापर्यंतचा वेळ मोकळा. जेवण मेसचंच, पण घरून आणलेल्या कोकमाच्या आगळाची बाटली माझ्या कपाटात कायम असते. नारळाच्या दुधाचा डबा सलालाहून येणाऱ्या कुणाला तरी सांगितला, की शुक्रवारी सोलकढी होते. आमचे केरळी सोबतीसुद्धा ती मागून घेतात.

अवघड असते ती जेवणानंतरची वेळ. माणसं मोबाइलमध्ये डोकं घालतात, काही जण कॅरम खेळतात, काही नुसते पडून राहतात. चाळिशीपर्यंत ते निभतं. पुढे मुलं मोठी होतात, फोनवरचं बोलणं आटपतं आणि दोन सुट्ट्यांच्या मधला काळ अंगावर यायला लागतो. मला त्यातून आकाशाने बाहेर काढलं, असं मी अगदी मनापासून सांगतो.

आकाशाची ओळख लहानपणीची. आजोबांना पंचांग पाठ होतं आणि रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावं आमच्या घरात शेतीची म्हणूनच घेतली जायची. पण कोकणात आकाश बघायला मिळतं कधी? जून ते ऑक्टोबर ढग, एरवी माडा-पोफळींची छत्री आणि समुद्रावरून येणारी दमट धुरकट हवा. मरमूलला आलो तेव्हा छावणीच्या कुंपणाकडे, जिथे दिव्यांचा उजेड पोचत नाही अशा कोपऱ्यात सहज जाऊन उभा राहिलो. आकाश थेट जमिनीपर्यंत ताऱ्यांनी भरलेलं होतं. पुढच्या सुट्टीत पुण्याहून दहा बाय पन्नासची दुर्बीण आणि फिरता तारानकाशा घेऊन आलो.

त्या नकाशाची गंमत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तो पुण्याच्या अक्षांशासाठी, म्हणजे साडेअठरा अंशांसाठी केलेला. मरमूल अठरा अंशांच्या जरासं वर आहे, त्यामुळे तो इथे एका रेषेचाही फरक न करता चालतो. रत्नागिरी 17 अंश उत्तरेला आणि सलालाही 17 अंशांवरच. नकाशावर रत्नागिरीतून पश्चिमेकडे सरळ रेघ मारली, तर ती अरबी समुद्र ओलांडून सलालाच्या किनाऱ्याला लागते. जो मोसमी वारा आमच्या मांडवीच्या बंदरातल्या होड्या किनाऱ्याला ओढायला लावतो, तोच सलालाच्या डोंगरांना जून ते सप्टेंबर धुक्यात बुडवून हिरवं करतो. सलालात माड आहेत, केळी आहेत, शहाळी विकणारे आहेत. तिथून थोडं उत्तरेला गेलं, की पावसाचा थेंब नाही.

अक्षांश जवळपास एक, म्हणून ध्रुवतारा माझ्या लेकीला रत्नागिरीत गच्चीवरून जितका उंच दिसतो, जवळजवळ तितकाच मला दिसतो. रेखांशात मात्र अठरा अंशांचा फरक. त्यामुळे तिच्या डोक्यावर आलेला तारा माझ्या डोक्यावर यायला सव्वा तास लागतो. घड्याळांत दीड तासाचं अंतर आहे, आकाशात सव्वा तासाचं. हे तिला फोनवर समजावून सांगितलं त्या दिवसापासून आमच्या बोलण्याला विषय मिळाला. 'बाबा, व्याध आमच्या आंब्यामागे गेला, आता थोड्या वेळाने तुमचाही जाईल,' असं ती कळवते. पोरीला भूगोल असा शिकवता येईल हे मला कुठे ठाऊक होतं!

हा छंद पाळायला शिस्त लागते. तेलक्षेत्रात रात्री मनाला येईल तसं गाडी घेऊन बाहेर पडता येत नाही. त्याला परवानगी, दोन गाड्या, भरपूर पाणी आणि कोण कुठे जातंय याची नोंद लागते. म्हणून बहुतेक रात्री मी छावणीतच, मेसच्या मागच्या बाजूला बसतो. तिथला दिवा रात्री बंद ठेवायला कॅम्पच्या व्यवस्थापकाने कबूल केलं, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. दूरवर जादा वायू जाळणारी ज्योत जळत असते. तिच्याकडे पाठ करून बसायचं. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्यात मोबाइल उघडला की सगळं पहिल्यापासून. दुर्बिणीच्या काचेवर धूळ बसली, तर कापड लगेच लावायचं नाही. आधी रबरी फुग्याने हवा मारून वाळूचे कण उडवायचे, मग मऊ ब्रश, आणि अगदी शेवटी कापड. वाळू म्हणजे गारगोटी, काचेला चरे पाडते.

एप्रिल-मे महिन्यात दक्षिण क्षितिजावर त्रिशंकू दिसतो. त्याच्या वर नरतुरंगात ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आहे, सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षं लांब. नुसत्या डोळ्यांना तो एक अंधुक तारा वाटतो. दुर्बीण लावली, की पिंजलेल्या कापसाचा बोळा. त्यात लाखो तारे आहेत हे कळल्यावर आमच्या गाडीचा चालक, इथलाच एक बदू, बराच वेळ दुर्बीण सोडेना. त्याने मला पुस्तकात न मिळणारी गोष्ट दिली. ऑगस्टच्या शेवटी पहाटे आग्नेयेला अगस्त्य उगवताना दाखवून म्हणाला, हा आमचा सुहैल, आता उन्हाळ्याचा जोर ओसरणार. आमच्या आजोबांकडे अगस्त्याचा उदय म्हणजे पाऊस सरला, नदीचं पाणी निवळलं अशी खूण होती. समुद्राच्या दोन तीरांवरची माणसं एकाच ताऱ्यावरून आपापला ऋतू मोजत आली आहेत.

ओमानी माणूस ताऱ्यांवर पाणीही मोजत आला. डोंगरातलं पाणी कालव्याने गावात आणण्याच्या इथल्या पद्धतीला फलज म्हणतात. असे पाच फलज 2006 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले, त्यातला निझवाजवळचा फलज दारिस मी सुट्टीत पाहिला. बागायतदारांच्या पाळ्या ठरलेल्या, अर्ध्या अर्ध्या तासाच्या हिशोबाने. दिवसा सावलीवरून वेळ मोजायची आणि रात्री ठरावीक तारे क्षितिजावर कधी येतात त्यावरून. काही गावांत हे अगदी अलीकडेपर्यंत चालू होतं. पोफळीच्या बागेत पाटाच्या पाण्याची पाळी सांभाळणाऱ्या घरात मी वाढलो, त्यामुळे त्या कालव्याकाठी उभं राहिल्यावर मला काही परकं वाटलं नाही.

वाळवंटातला दुसरा छंद दगडांचा. मरमूलच्या उत्तरेला जिद्दत अल-हरासीसचं पठार आहे. फिकट चुनखडीची सपाट जमीन, पाऊस जवळपास नाही. त्यामुळे आकाशातून पडलेले दगड हजारो वर्षं तसेच टिकतात आणि काळे असल्याने दिसूनही येतात. ओमानमध्ये सापडलेल्या उल्कापाषाणांत काही चंद्रावरचे आणि काही मंगळावरचे आहेत. कामानिमित्त तिकडे गेलो असताना असा एक दगड दिसला. मुठीएवढा, कोळशासारखा काळा, कडा गोलसर, एका बाजूला बारीक भेगा. हातात घेतला तर अंदाजापेक्षा जड. तो खरंच उल्कापाषाण होता का हे प्रयोगशाळेशिवाय सांगता येत नाही. फोटो काढला, जागा टिपून घेतली, तिथल्या अधिकाऱ्यांना कळवली आणि दगड होता तिथे ठेवला. हे दगड परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

हिवाळ्यात मृग जवळजवळ डोक्यावर येतो तेव्हा मला टिळक आळी आठवते. लोकमान्य 1856 मध्ये रत्नागिरीत जन्मले आणि 1893 मध्ये त्यांनी 'ओरायन', म्हणजे मृग, हे पुस्तक प्रसिद्ध केलं. प्राचीन काळी वसंतसंपात मृगात होता, या आधारावर त्यांनी वेदांचा काळ फार मागे नेला. त्यांचे सगळे निष्कर्ष आज मान्य होतात असं नाही. पण ज्या गावात त्यांचा जन्म झाला, तिथल्या मुलांना मृग आकाशात बोटाने दाखवता येऊ नये, याचं मला वाईट वाटतं.

सुट्टीत आलो की मी सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर जातो. एप्रिलमधला रत्नागिरीचा सडा हे छोटं वाळवंटच. कातळ मध्यरात्रीपर्यंत गरम, गवत करपलेलं, वाटेत सावली नाही. मात्र दर वर्षी तिथून क्षितिज थोडं अधिक उजळलेलं दिसतं. रस्त्यांना दिवे हवेत, याबद्दल वाद नाही. ते जमिनीकडे तोंड करून लावले, वर झाकण ठेवलं, तर वीजही वाचेल आणि आकाशही राहील. ग्रामपंचायतीने ठरवलं तर हे जमण्यासारखं आहे.

आणि रत्नागिरीकरांना एक विनंती. फेब्रुवारीच्या मध्याला, चंद्र नसेल अशा रात्री नऊ-साडेनऊला, दक्षिण मोकळी असलेल्या कुठल्याही सड्यावर मुलांना घेऊन जा. आधी मृग शोधा. त्याच्या डाव्या अंगाला, थोडा खाली, सगळ्यात तेजस्वी तारा दिसेल, तो व्याध. व्याधाखाली दक्षिणेला, हात लांब करून क्षितिजापासून एक वीत मोजली, की अगस्त्य सापडतो. त्याला दुर्बीण लागत नाही.