माळढोकाचा माळ

माळढोक झाडावर बसत नाही. त्याच्या पायाला तीनच बोटं, तिन्ही पुढं वळलेली. फांदी धरायला लागणारं मागचं बोट त्याला नाही, त्यामुळे खाणं, झोपणं, अंडं घालणं, सगळं जमिनीवर. मीटरभर उंची आणि नराचं वजन १५ किलोपर्यंत. उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी हा एक. पण कुसळीच्या गवतातून तो किती जपून चालतो! चार पावलं टाकतो, थांबतो, मान उंचावून चहूकडे पाहतो, मगच वाकून नाकतोडा, भुंगेरा किंवा बोर टिपतो. एवढा थोराड देह आणि इतका बुजरा जीव.

वीण आली की मात्र नर बुजरेपणा विसरतो. गळ्याची पिशवी फुगवून छातीखाली लोंबती सोडतो, शेपूट पाठीवर उभारतो आणि घुमू लागतो. तो खर्ज अर्ध्या किलोमीटरवरही ऐकू येतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते आणि एकटीच उबवते. शत्रू जवळ आला, तर पाय लोंबते ठेवून नागमोडी उडत त्याला भुलवून दूर नेते.

माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत. कडेनं येणारा लांडगा त्यांना दिसतो; नाकासमोरचं मात्र फार थोडं दिसतं. हजारो वर्षं माळावरच्या हवेत समोर आडवं येणारं काही नव्हतंच. आता विजेच्या तारा आहेत. त्या दिसेपर्यंत उशीर झालेला असतो आणि जड अंग ऐनवेळी वळवता येत नाही.

सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. आज तिथं त्याचं दर्शन दुर्मीळ झालं आहे. देशभरात दीडशेही उरले नसावेत, आणि त्यांतले बहुतेक जैसलमेरच्या वाळवंटी गवतात. तिथल्या प्रजनन केंद्रात २०१९पासून पिल्लं वाढू लागली, याचा मला फार आनंद वाटतो. पण वाढलेली पिल्लं सोडायची कुठं?

माळ दिसला की आपल्याला तो रिकामा वाटतो. तिथं झाडं लावावीत, नांगर घालावा, खांब रोवावेत असं वाटतं. माळढोकाला, काळविटाला, लांडग्याला तोच मोकळेपणा हवा असतो. माळावर काहीही न उभारता तो तसाच राखणं, हेही मोठं काम आहे, आणि ते आपल्याला शिकावंच लागेल.