आजीचा फणसांबा

लग्न होऊन साताऱ्याहून सांगलीस आले, तेव्हा आईनं ट्रंकेत बाळगुटीचा डबा घातला होता. त्यात वेखंड, मुरुडशेंग, जायफळ आणि आजीचा फणसांबा. पाटणकडच्या कुठल्याशा म्हाताऱ्या फणसाच्या खोडावरून तिनं तो काढवून आणला होता. घोड्याच्या टापेएवढा, लाकडासारखा टणक. मुलांची लाळ फार गळू लागली, की सहाणेवर चार वळसे नि बोटानं हिरड्यांना. गुण किती, ते डॉक्टर जाणोत! दोन मुलं होईतो टापेची सुपारी झाली.

परवा भाची आली. लाकूड कुजवणाऱ्या अळंब्यांवर तिचं संशोधन चाललंय. डबा दिसताच म्हणाली, "मावशी, हा देशील?"

"कशाला गं? फणसांबा तो फणसांबा!"

"तसं नाही. या एका नावाखाली फेलिनसच्या निरनिराळ्या जाती वापरतात."

तिनं कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला. तपकिरी तुकडा काळा पडला. "घराणं बरोबर," ती म्हणाली. पण फेलिनसच्या घराण्याची २००२ साली डीएनएच्या पुराव्यावर वाटणी झाली म्हणे. आपल्याकडे सातबाऱ्यावरून होते, तशीच! जात ठरवायची तर खालची छिद्रं मिलिमीटरला किती बसतात ते मोजायचं, बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. माझ्या तुकड्यावर छिद्रं कुठली? ती मीच उगाळून संपवली होती. उरला डीएनए. त्यातला एक ठराविक भाग वाचतात; २०१२ साली बुरशीशास्त्रज्ञांनी अळंब्यांची ओळखखूण म्हणून तोच सुचवला.

म्हणजे मुलांच्या तोंडात मी नेमकं काय घातलं, ते मलाच ठाऊक नव्हतं. जीव चरकला. अडकित्ता आणून अर्धी सुपारी मीच कातरून दिली.

"नवीन जात निघाली तर आजीचं नाव देशील?"

"नुसत्या डीएनएवर बारसं होत नाही, मावशी. अख्खा नमुना हवा, तो संग्रहात ठेवावा लागतो. पुण्याला आघारकर संस्थेत आहे तसा. झाड कुठलं, तेही लिहावं लागतं. कुठलं होतं गं ते?"

मी साताऱ्याला आईला फोन लावला. ऐंशी उलटलेली आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ओढ्याकाठचं. अलीकडचं की पलीकडचं, ते मात्र पाहिल्याशिवाय सांगता यायचं नाही."

भाऊबीज झाली, की आम्ही तिघी पाटणला निघणार आहोत. झाड उभं आहे की नाही, देव जाणे. आईनं काठी पुसून ठेवली आहे.