चानीला घर

खानोलकरांची ‘चानी’ ही कादंबरी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर चानीच्या आधी तो गाव उभा राहतो. खानोलकर वेंगुर्ल्याकडच्या बागलांच्या राईतले, कुडाळात खानावळ चालवलेले. त्यांच्या गावात प्रत्येकाला कोणी ना कोणी आहे. मूळ घर आहे, भाऊबंद आहेत, भांडायला का होईना सामायिक गडगा आहे. आणि त्यात ही गोऱ्या बापाची, सोनेरी केसांची पोर कुणाचीच नाही. तिच्यात जीव गुंततो तो दिनू नावाच्या लहानग्याचा. १९७७ मध्ये व्ही. शांतारामांनी या कादंबरीवर चित्रपट काढला. खानोलकर त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते.

दत्तकाची कादंबरी म्हणून ‘चानी’कडे कोणी पाहत नाही. मला ती तशीच वाटते, न झालेल्या दत्तकाची.

आमच्या मुलखाला दत्तक नवं नाही. सावंतवाडीचे तिसरे खेम सावंत १८०३ मध्ये वारले, पोटी मुलगा नाही. गादीवरून तंटे लागले आणि १८०५ मध्ये राणी लक्ष्मीबाईंनी रामचंद्र सावंत ऊर्फ भाऊसाहेबांना दत्तक घेतलं. तीनेक वर्षांत त्यांना अंथरुणातच गळा दाबून मारण्यात आलं, आणि दुसरा अल्पवयीन वारस, फोंड सावंत, गादीवर आला. इतिहासात भाऊसाहेब वारस म्हणून येतात आणि वारस म्हणूनच जातात. लेकरू म्हणून त्यांच्याकडे पाहणारं एकही वाक्य माझ्या वाचनात आलेलं नाही, आणि ते मला फार सलतं.

घरोघरी तेच. दिवा लावायला, पिंड द्यायला, सातबाऱ्यावर नाव चालवायला मुलगा हवा, म्हणून दिराचा नाहीतर भाऊबंदातला झील मांडीवर घ्यायचा. मुलगी नाही. हिंदू घरात मुलगी दत्तक घ्यायची वाट कायद्याने मोकळी केली ती १९५६ मध्ये. त्याआधीच्या चान्या, कोणी मायेने घरात घेतल्या तरी, कागदावर कुणाच्याच नव्हत्या.

देवबागच्या माझ्या काकीने मुलगीच मागितली. ‘कोणाची? खयची?’ अशी कुजबुज झाली. तिने एकालाही उत्तर दिलं नाही. तेव्हा न्यायालयाचा हुकूम लागे. सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. खेपा त्यामुळे कमी झाल्या असतील तर बरंच, कारण काकीच्या पिशवीतली कागदांची चळत मी पाहिली आहे: उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, घर बघून गेलेल्या समाजसेविकेचा अहवाल. पोटच्या पोरासाठी आईबापाला असा दाखला कोणी मागत नाही. तरी तो मागावा, असंच मला वाटतं. भाऊसाहेबांच्या वेळी कोणी मागितला नव्हता.

पहिल्या चवथीला मूळ घरात थोरल्या काकांनी गाऱ्हाणं घातलं. पोराबाळांची राखण कर म्हणाले, सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हटलं, आरतीची ताटं हलली. काकी मात्र हात जोडून होती तिथेच उभी. ‘चेडवाचा नाव घेवूक नाय,’ ती म्हणाली. दिरासमोर ती कधी मान वर करून बोललेली नव्हती. काकांनी समईची वात सारखी केली, घसा साफ केला आणि गाऱ्हाणं पुन्हा घातलं, तिच्या नावानिशी.

ती पोर आता गणपतीवरची माटवी बांधते. कवंडाळं कुठे, सुपारीची शिपटं कुठे, यात मोठ्यांनाही बोलू देत नाही. या चवथीला तिने माझ्याकडची ‘चानी’ नेली आणि दुपारभर पडवीत बसून वाचली. संपल्यावर विचारलं ते मला नव्हे, आईला. ‘आये, एवढ्या गावात तिका एक घर गावूक नाय?’

काकी नारळ खवत होती. तिने कादंबरी वाचलेली नाही, खानोलकर कोण हेही तिला ठाऊक नाही. पोरीने सगळी गोष्ट सांगितली तशी ती चिडलीच, जणू तो गाव खाडीपलीकडेच असावा. ‘मेल्यांका एक चेडू पोसूक जमूक नाय!’