डावीकडचा आवाज

आमच्या घरातला ॲम्प्लिफायर माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षी, म्हणजे १९९४ मध्ये, अण्णांनी तो गंजगोलाईजवळच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून बनवून घेतला. त्यावर कंपनीचं नाव नाही. पत्र्याची पेटी, समोर आवाज, बास, ट्रेबल आणि बॅलन्स अशी चार बटणं, मागे टू-एन-३०५५ची धातूची गोल ट्रान्झिस्टरं. आधी त्यावर कॅसेट वाजायची, मग सीडी आली, आता अण्णांच्या फोनची पिन लागते. सकाळी सहाला अभंग सुरू झाले की आमच्या गल्लीत कुणाला गजर लावावा लागत नाही.

मी पुण्यात नोकरी करतो. गेल्या दिवाळीत घरी आलो तर अण्णा म्हणाले, "जरा बघ की रे. डावीकडून बारीक येऊलालंय."

बघितलं, तर बॅलन्सचं बटण घड्याळात दहाचा काटा असतो तिथपर्यंत डावीकडे वळवलेलं. ट्रेबल पूर्ण चढवलेला. मनात म्हटलं, झालं, म्हाताऱ्याचा एक चॅनल गेला. आणि खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. कित्येक महिने मी एका नव्या, क्लास-डी ॲम्प्लिफायरवर डोळा ठेवून होतो. किंमत अकरा हजार. हाताच्या तळव्यावर मावेल एवढा, ब्लूटूथवाला, शंभर वॅटचा. बोनसचे पैसे होतेच.

आई म्हणाली, "आधीच एवढा मोठ्यानं लावतेत. अजून मोठा कशाला?"

तिचं म्हणणं टाळायला मी वॅटचा हिशोब काढून बसलो, आणि तिथेच अडकलो. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबलनं, म्हणजे जेमतेम कळेल इतका. कानाला आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत रोजच्या ऐकण्याला एक-दोन वॅटही पुरतात. मग शंभर वॅट घेऊन करायचं काय? राहिला प्रश्न बिघडलेल्या चॅनलचा. तो खरंच बिघडलाय का, हे तपासायची साधी रीत आहे: मागच्या वायरींची अदलाबदल करायची. बारीक आवाज वायरीबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष ॲम्प्लिफायरचा, आहे तिथेच राहिला तर स्पीकरचा.

बॅलन्स मधोमध आणला. फोनमधल्या मीटरवर दोन्ही स्पीकर मोजले. सारखे. माझ्या कानालाही सारखेच. अण्णांना डोळे मिटून बसवलं.

"कपाटाकडचा बारीक हाय," ते म्हणाले. कपाट त्यांच्या डावीकडे.

वायरी बदलल्या. "कपाटाकडचाच."

मग दोष स्पीकरचा म्हणायचा. पण मीटर तर दोघांनाही सारखेच गुण देत होता. काय सुचलं कुणास ठाऊक, मी त्यांची खुर्चीच फिरवली. पाठ स्पीकरकडे, तोंड दाराकडे. आता कपाट त्यांच्या उजवीकडे आलं आणि खिडकी डावीकडे.

अण्णा थोडा वेळ ऐकत राहिले. म्हणाले, "आता खिडकीकडचा बारीक येऊलालाय. काय केलास?"

मी काहीच केलं नव्हतं.

अण्णांनी अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली. जुन्या गाड्यांचं इंजिन पुढे, केबिनच्या आत, चालकाच्या डाव्या हाताला. लातूर ते पुणे, रात्रभर, बॉनेटवर एक घोंगडी टाकलेली. लहानपणी मी त्या घोंगडीवर बसून गेलोय. बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागायचं.

कानाच्या डॉक्टरांकडे न्यायला मला चार दिवस लागले. "मी काय बहिरा झालोय का?" एवढं एकच त्यांचं वाक्य. शेवटी आईनंच रिक्षा बोलावली. ऑडिओमेट्रीच्या कागदावर दोन रेघा होत्या. दोन्ही उजवीकडे घसरत गेलेल्या, डाव्या कानाची जास्त, आणि चार हजार हर्ट्‌झच्या आसपास तिला खड्डा. डॉक्टर म्हणाले, वयाचाही भाग आहे, एकट्या इंजिनावर ढकलता येणार नाही. पण सततच्या गोंगाटानं कान जातो तेव्हा असा खड्डा पडतो. स, श, फ ही अक्षरं अशाच वरच्या पट्टीत असतात. त्यामुळे माणूस बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते कळत नाही.

मी कागदाकडे बघत राहिलो. गेली तीन-चार वर्षं मी पुण्याहून फोन केला की अण्णा "हो, हो, बरंय" म्हणून फोन आईकडे द्यायचे. फोन ते कायम डाव्या कानाला लावतात. मला वाटायचं, आपल्याशी बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नाही. मीही मग आईलाच फोन करायला लागलो होतो.

ॲम्प्लिफायर घेतला नाही. अकरा हजारांत चार घालून डाव्या कानाचं यंत्र घेतलं. जुन्या पेटीत फक्त सुकलेले कपॅसिटर बदलले आणि बटणांत स्प्रे मारून खरखर घालवली. सगळे मिळून सहाशे रुपये.

त्या दिवसापासून माझ्या इअरफोनचा आवाजही खाली आलाय. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आहे: ऐंशी डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तास चालेल. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. त्र्याऐंशीला वीस तास, शहाऐंशीला दहा. ज्या तीन डेसिबलला मी 'जेमतेम' म्हणत होतो, तेच हे तीन.

आता फोनवर अण्णा बोलतात. पाऊस, सोयाबीनचा भाव, शेजाऱ्याची भांडणं. कधीकधी मलाच "ठेवतो आता" म्हणावं लागतं.

पण गाणी ऐकताना ते यंत्र काढून डबीत ठेवतात. त्यातून गाणं पत्र्यावर वाजल्यासारखं येतं म्हणे. डॉक्टरांनीही सांगितलं, ही यंत्रं मुळात बोलणं कळावं म्हणून बसवलेली असतात. मग सकाळी सहाला बॅलन्स पुन्हा दहाच्या काट्यावर जातो. मी सुटीला आलो की तो मधोमध आणत नाही. माझी खुर्ची जरा उजवीकडे सरकवतो.